फेरचाचणी

मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी प्रमोदिनीने लकडगंजातल्या बायकांना संसारसुखाबद्दल प्रश्न विचारले होते. चाचणी विश्वासार्ह आहे का, हे तपासायला महिन्याभराने तेच प्रश्न तिने पुन्हा विचारले, तर बहुतेकींची उत्तरं फिरलेली! हँडल फिरवायच्या मशीनवर आठवडाभर आकडेमोड केली. दोन्ही वेळच्या उत्तरांतला सहसंबंध शून्याच्या आसपास.

"चाचणीच सदोष आहे. नव्याने सुरू करा," मार्गदर्शक सर म्हणाले.

रडकुंडीला येऊन ती तुळसाबाईंकडे गेली. "मावशी, 'सुखी आहात का' विचारलं तर आधी 'हो' म्हणालात, मग 'नाही'. काहून असं केलं? माझं अख्खं वर्ष वाया गेलं!"

तुळसाबाई ओशाळल्या.



"अवं पोरी, हे मले आजवर कोणी इचारलंच नव्हतं. तू इचारून गेली, तवापासून मी इचारच करून राहिली."