मॅडम म्हणाल्या होत्या

"ब्लाउज अगदी मापात बसलाय गं," आरशासमोर वळत सुमित्राबाई म्हणाल्या. "पण तुला आज शाळा नाही? चेतना तर केव्हाच गेली."

हवालदार कृष्णातची रिंकू टेप गुंडाळत होती. दहावीपर्यंत ती बाईंच्या मुलीच्या, चेतनाच्याच वर्गात होती, आणि मार्क चेतनापेक्षा बरेच जास्त. सायन्स घेणार म्हणून जवानांच्या क्वार्टर्सच्या साऱ्या लाइनीत सांगत फिरायची.

"शाळा सोडली, मॅडम. जुलैपासून शिवणक्लासला जाते."

"सोडली? कुणी सांगितलं सोडायला?"

रिंकू गोंधळली. "तुम्हीच ना, मॅडम."

सुमित्राबाईंना आठवायला वेळ लागला. मे महिन्यात वेल्फेअर सेंटरच्या चहाला रिंकूनं भरलेला रुमाल पाहून त्या तिच्या आईला म्हणाल्या होत्या, "काय सुबक हात आहे हो पोरीचा! शिवणक्लासला घाला हिला. गुडगावला रोज एक नवीन बुटीक उघडतंय." एवढं बोलून त्यांनी समोसा उचलला आणि विषय संपला. त्यांच्यापुरता. कर्नलसाहेबांच्या बायकोचं बोलणं छावणीत असं वाऱ्यावर जात नाही, हे इतकी वर्षं कँटात काढूनही बाईंच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

त्यांनी बाहेर स्कूटरपाशी थांबलेल्या कृष्णातला हाक मारली. तो दारातच सावधान उभा राहिला.

"अहो, मी सहज बोलले होते. सुट्टीपुरतं. ती काय ऑर्डर होती?"

"मॅडम बोलल्या म्हणजे आमच्यासाठी ऑर्डरच."

"अच्छा? गेल्या साली साहेब म्हणाले, तुमच्या यशराजला फौजेच्या भरतीला उतरवा. तेव्हा तुम्ही हात जोडून सांगितलंत, पोराला इंजिनिअर करायचंय म्हणून. ती ऑर्डर नव्हती?"

कृष्णात चुळबुळला. तो लबाडी करत नव्हता बिचारा. असं काही कुणी विचारेल हेच त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"तो मुलगा आहे ना, मॅडम."

सुमित्राबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. चार शब्द सुनवावेत म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना चेतना आठवली. चेतनाला साधं बटण लावता येत नाही. मार्क जेमतेम. तरी तिला सायन्स मिळावं म्हणून त्या स्वतः मिठाई घेऊन प्रिन्सिपॉलच्या घरी गेल्या होत्या. तिच्यासाठी शिवणक्लासचा विचार त्यांच्या स्वप्नातसुद्धा आला नव्हता. कृष्णातला सुनवायचे ते चार शब्द त्यांनी गिळले. त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

"ते काही नाही," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "रिंकू, उद्यापासून तू शाळेत जायचं. प्रिन्सिपॉलशी मी बोलते. सकाळी युनिफॉर्म घालून इकडेच ये, चेतनाबरोबर गाडीतून जा."

"जी, मॅडम," कृष्णात म्हणाला. ही ऑर्डरही त्याला चालणार होती.

रिंकूचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच उतरला.

"क्लासमध्ये पहिल्या दिवशी घरातलं कापड आणायला सांगितलं होतं. कापायच्या सरावाला, आता नको असलेलं," ती म्हणाली. "मी युनिफॉर्म नेला, मॅडम."