चढावरचा थांबा

खुंटी हातात घेऊन म्हातारा सभागृहातल्या टेबलापाशी उभा होता.

टेबलावर शहर अंथरले होते. पुठ्ठ्याच्या इमारती, निळ्या फितीचा मेट्रोमार्ग आणि स्थानकाभोवती कंपासने काढलेले तांबडे वर्तुळ. या वर्तुळातला माणूस स्थानकापर्यंत सहज चालत जातो, हे पालिकेचे अधिकारी आठवडाभर शिकत होते. आज शेवटच्या दिवशी प्रशिक्षिकेने रहिवाशांना बोलावले होते. प्रत्येकाने एक लाकडी खुंटी घ्यायची, जिथे बसथांबा हवा तिथे रोवायची. कोणी कारण विचारायचे नाही, हा तिचा नियम.

अधिकाऱ्यांमधल्या नगररचनाकाराने मान वर केली नाही. म्हातारा त्याचा बाप होता. आपण इथे येणार असल्याचे बापाने सकाळी घरी सांगितले नव्हते.

"आजोबा, रोवा की बिनधास्त," वाहतूक अधिकारी म्हणाला. त्याच्या आवाजामुळे कचेरीत सगळे त्याला भोंगा म्हणत. "खुंटीला काही निविदा काढावी लागत नाही!"

कोणीतरी हसले. बाबांनी काठी टेबलाला टेकवली, वाकले, आणि खुंटी शुश्रूषागृहाच्या फाटकासमोर रोवली. वर्तुळाच्या चांगलीच आत.

"अहो, तिथे थांबा होताच की! आमच्या साहेबांनीच काढून टाकला." भोंग्याने नगररचनाकाराकडे हात केला. "स्थानक हाकेच्या अंतरावर, आणि दुपारी तिथे उतरायचं कोण, तर एक माणूस. एका माणसासाठी अख्खी बस कोण थांबवणार?"

नगररचनाकार खुंटीकडे पाहत राहिला. टेबल सपाट होते. जो चढ चढताना त्याची गाडीसुद्धा कण्हत असे, तो इथे तळहातासारखा आडवा पडला होता. कागदावरही तो असाच पडला होता, आणि त्यावर त्याने कंपास फिरवला होता.

त्या चढाच्या माथ्यावर, शुश्रूषागृहातल्या खिडकीजवळच्या खाटेवर, त्याची आई होती. रोज दुपारी तिच्याकडे जाणारे बाबा एकाएकी जायचे थांबले. रविवारी तो गाडीतून नेई, तेवढेच. "एरवी का रे येत नाहीत? रागावलेत का माझ्यावर?" आईने विचारले होते. त्या रात्री तो बाबांवर तुटून पडला होता. "ती वाट बघते तुमची. एवढं कसं दगड झालंय मन?" बाबा नुसते गुडघे चोळत बसले होते. त्याच आठवड्यात थांबे बदलणाऱ्या त्याच्या आराखड्याचे कौतुक झाले होते, आणि ते बाबांनीच शेजाऱ्यांना बोलावून सांगितले होते.

आई गेली ती तो प्रश्न बरोबर घेऊनच.

"पण आजोबा," भोंग्याला राहवेना, "आता तिथे उतरणार कोण?"

"आता कोणी नाही," बाबा म्हणाले, आणि किंचित कललेली खुंटी त्यांनी बोटाने सरळ केली.

नगररचनाकार उठला. खुर्ची मागे कलंडली, ती त्याने उचलली नाही.

"बाबा."

भोंग्याचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. प्रशिक्षिकेने हातातला खडू हळूच खाली ठेवला.

"बाबा, एका शब्दानं सांगायचं होतंत. मी थांबा ठेवला असता. त्या रात्री मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. तेव्हा तरी का नाही सांगितलंत?"

बाबांनी काठी घेतली. त्याच्यापाशी येऊन ते थांबले. त्याच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूला दुमडली होती. शाळेत जाताना करून देत तशी त्यांनी ती नीट बसवली, आणि दाराकडे वळले.

दाराच्या काचेपलीकडे, सभागृहासमोरच्या नव्या थांब्यावर, बस दार उघडून उभी होती. चालकाने काठी पाहिली असावी, कारण सगळे चढून झाल्यावरही त्याने दार मिटले नाही. एका माणसासाठी अख्खी बस थांबली होती.

बाबा तिच्या कडेकडेने, काठी टेकत, चालत पुढे निघून गेले.