'नातेवाईक' गटाची परवानगी

"रोज येते गं मी, तरी ही मला रोज पहिल्यांदाच बघते," मंदाताई म्हणाल्या. त्यांची भाची, आठ महिन्यांची शमू, त्यांच्या मांडीवर रडून लालबुंद झाली होती. सोमवारपासून शमूच्या आईला, अनघाला, कामावर जायचं होतं आणि शमूला या आत्याकडेच राहायचं होतं.

अनघाने घरातला सर्व्हर उघडला. सगळ्याच बाळांसारख्या शमूच्याही आठवणी तिथल्या फोल्डरमध्ये साठत. त्यात कुणी उमटायचं, हे बारशालाच ठरे. 'आई-बाबा' गटाला तिने लिहायची, म्हणजे शमूच्या आठवणीत राहायची, परवानगी दिली होती, 'नातेवाईक' गटाला नुसती बघायची. कुणी रागावलं, ओरडलं, तर ते पोरीच्या मनात राहायला नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

"ताई, तुम्हाला बाहेर मीच ठेवलंय," ती ओशाळून म्हणाली.

"मग घे की आत. ओरडेन कधीतरी, तेही राहू दे तिच्याजवळ."

अनघाचं बोट जरा अडलं. मग तिने 'लिहिणे'समोर खूण केली.

दुसऱ्या दिवशी मंदाताई दारात दिसताच शमूने त्यांना नीट न्याहाळलं आणि आईच्या कडेवरून थेट त्यांच्याकडे झेप घेतली.

"अगं, दमानं," मंदाताई हसल्या. "आई जायची आहे अजून."