व्हिकाची खोली

“सेमिसीकाका, जुना सर्व्हर पुसण्याआधी व्हिकाआत्याचा फोल्डर एकदा बघा, कामाचं तेवढं नव्यावर टाकते,” फाने म्हणाली. सेमिसीने मान फिरवली. व्हॅनिला निर्यातीची ही कचेरी दोघा भावंडांची; वर्षापूर्वी व्हिका गेली. टोंगात वयात आलेला भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, आणि कॉम्प्युटर आल्या दिवसापासून त्याने तिच्या फोल्डरलाही खोलीच मानलं होतं. “म्हातारपणी डोकावायला लावतेस होय? तूच बघ.” फानेने फोल्डर उघडला. “काका, इथे तुमच्या नावाची चिठ्ठी आहे. वाचू?” त्याने पाठमोऱ्यानेच होकार दिला. “‘दादा, छातीत गाठ आहे. असलं तुझ्यासमोर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहिलंय. एकदा आत ये.’” तारीख ती जायच्या दोन वर्षं आधीची होती. सेमिसीने चपला काढल्या. “व्हिका, येऊ का गं आत?”