दोन अक्षरांनंतर

माझा नवरा अनिमेष तात्यापारा वस्तीतल्या आमच्या घरी बसून एका कम्पायलरवर, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेलं संगणकाला समजेल असं करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. प्रोग्रामरनं दोन अक्षरं टाइप केली की पुढचं स्क्रीनवर आपोआप सुचतं. ते बरोबर सुचावं हे बघणं त्याच्याकडे. घरातही त्याला तीच सवय. कुठं दुखतं म्हणून डॉक्टर मला विचारतात आणि उत्तर हा देतो. भाजीवाल्या दीदीला मी "पाव किलो" म्हणायचा अवकाश, हा "भेंडी" म्हणून मोकळा. अकरा वर्षांत माझं एक वाक्य माझ्या तोंडून पुरं झालेलं नाही.

आज ऑफिसातून त्याचं कौतुक झालं, म्हणून तो खुशीत होता.

"कोडमधलं जेनेरिक म्हणजे रिकामा डबाच समज, इरा. आत काय ठेवायचं ते लिहिणारा ठरवते. आमचा कम्पायलर आधीच अंदाज बांधून भलतंच सुचवून राहिला होता. मी त्याले थांबाले शिकवलं. समोरच्याचं लिहून होईस्तोवर गप राहायचं."

मला वाटलं, सांगायचं तर आत्ताच. नागपूरच्या एका शाळेचं नेमणुकीचं पत्र आठवडाभर माझ्या पर्समध्ये होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"अनिमेष, मले सोमवारी नागपूरले..."

"आईकडे जायचं आहे. हव, समजलं," म्हणत त्यानं मोबाइल उचलला.



"घे, झालं बुकिंग. जायचं सोमवारचं, परतीचं मंगळवारचं."