हाडांतलं मीठ

जावयाने केशरचं डोकं भिंतीवर आपटलं, तसा तिचा बाप धोंडिबा बाजेवरून उठू लागला.

"बाबा, बसा!" केशर ओरडली.

खुनाची शिक्षा भोगून सुटणाऱ्या प्रत्येकाच्या हाडांत तुरुंगात एक विषारी क्षार भरला जाई; धोंडिबाच्याही भरलेला होता. धावपळीने, मारामारीने रक्तातलं आम्ल वाढलं, की तो हाडांतून सुटून थेट काळजापर्यंत पोचे आणि माणूस मरे. म्हणूनच जावई मुद्दाम सासऱ्यासमोर बायकोला मारायचा.

"या ना मामा, सोडवा," तो हसला आणि त्याने तिचा गळा आवळला.

चाचपडताना केशरच्या हाताला वरवंटा लागला. तिने तो त्याच्या कानशिलात घातला. तो कोसळला, तरी ती घालतच राहिली.

तो निपचित पडल्यावर धोंडिबा म्हणाला, "मी मारलं म्हणून सांग."

"कोण मानेल, बाबा?" ती रडत म्हणाली. "तुम्ही मारलं असतं, तर तुम्ही जिवंत उरला असता का?"

धोंडिबाने क्षणभर लेकीकडे पाहिलं. तिच्या हातातला रक्ताळलेला वरवंटा काढून घेतला, पायातल्या चपला काढल्या आणि तो अंगणात जिवाच्या आकांताने धावू लागला.