रविवार धरलाय

कढई धूर सोडायला लागली तसा ऋतुजानं लसूण टाकला. मग खिमा. खिमा मशिनचा नव्हता. सकाळी तिनं स्वतः लाकडी पाटावर सुरीनं बारीक केला होता, मनगटं भरून आली होती. कोबी, गाजर, ढोबळी मिरची मोठ्या आचेवर नुसती फिरवली, मऊ पडू दिली नाही. वर सोया सॉस, चिमूटभर काळं तिखट आणि उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्स. बाहेरच्या खोलीत नवनाथचे आईवडील बसले होते. टेंभुर्णीहून स्वतःच्या गाडीनं आले होते आणि दोन खोल्यांच्या या घरात अंग चोरून बसले होते.

"न्हाय खायाची ती," केराबाई लेकीच्या कानाशी लागून म्हणाली. "लिहून घे माझ्याकडनं."

"खातील गं. नवनाथ बोललाय त्यांच्याशी."

ऋतुजा आणि नवनाथ एकाच कचेरीत. तीन वर्षं तो तिच्या डब्यातल्या याच नूडल्स बोटं चाटून खात होता. लग्नाचा विषय निघाला तेव्हा तोच म्हणाला, बाबा एकदा तुमच्याकडं जेवले की लग्न ठरलं समज. खिम्याची फर्माईश त्याची. रविवारही त्यानंच काढला. इतर दिवशी कुणाचा ना कुणाचा वार असतोच, पण रविवारी अर्धं सोलापूर मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं असतं. नाही म्हणायला जागाच नको.

ताटं आली. नवनाथच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी, आधी भिंतीवरच्या बुद्धाकडं आणि बाबासाहेबांकडं बघितलं, मग ताटाकडं. दोन्हीकडं एकाच नजरेनं.

"वास लई भारी हाय की," ते म्हणाले. "पण आमचा आज वार. रविवार धरलाय. खंडोबाचा."

"कवापासनं?" केराबाईनं विचारलं.

"श्रावणापासनं," बापूसाहेब म्हणाले.

"दिवाळीपासनं," बायको म्हणाली. दोघं एकदमच.

नवनाथ चपलांकडं बघत बसला. ऋतुजाला ना हसू आलं ना रडू. हे वार ऐकतच ती मोठी झाली होती. मैत्रिणींच्या आयांचे वार, कचेरीतल्या साहेबांचे वार. ढाब्यावर यांना कधी देव आठवत नाही. आमचा उंबरा ओलांडला की हे सगळे संत होतात. ती गपगुमान आत गेली आणि दुसरी कढई घेऊन आली.

"काका, ही निराळी केलीय. नुसत्या भाज्यांची. कढई वेगळी, झारा वेगळा. खिम्याचा वाराबी लागला नाही."

पाकीट मारताना हात धरावा तसा बापूसाहेबांचा चेहरा झाला. पण असल्या माणसांना शब्द कमी पडत नाहीत.

"आगं पोरी, वार म्हंजे उपासच असतोय आमचा. मीठसुदिक चालत न्हाय. फळबिळ असलं तर गोष्ट येगळी."

केराबाई उठली. तिनं फडताळातून केळ्यांची फणी आणली आणि धाडकन मधोमध ठेवली.

"ह्ये चालतंय का बघा."

"चालतंय की! न चालायला काय झालं!" बापूसाहेबांनी कुणी हातात द्यायच्या आधी स्वतःच एक तोडलं, बायकोलाही एक दिलं. सालीच्या आतल्या वस्तूला विटाळ नसतो, एवढं त्यांच्या देवानं त्यांना बरोबर शिकवलं होतं.

ऋतुजानं खिम्याचं ताट उचललं आणि नवनाथपुढं ठेवलं.

"तुझा तर वार नाही ना?"

नवनाथनं ताटाकडं बघितलं. मग बापाकडं. बाप मान खाली घालून साल सोलत होता.

"आज राहू दे ऋतू," नवनाथ हळूच म्हणाला. "मलापण केळंच दे."

ऋतुजानं फणीतलं सगळ्यात मोठं केळं तोडून त्याच्या हातात ठेवलं. अजून कुणाचंच खाऊन झालं नव्हतं. ती आईकडं वळली.

"आई, आपली दोघींची ताटं घे. पाव्हणे निघाले."